तपासराव आणि नमुना 'ब'

वस्तू कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतं ते तिच्यावरचं लेबल, असं तपासरावांचं ठाम मत होतं. आणि तपासरावांचं मत म्हणजे काही येऱ्यागबाळ्याचं मत नव्हे! गाद्यांच्या कारखान्यातल्या तपासणी विभागाचे ते मुख्य होते. नवीन गादी बाजारात जायच्या आधी तिच्यावर तपासराव झोपायचे. डोळ्यांना पट्टी बांधून आडवं व्हायचं, दोन कुशी बदलायच्या, उठायचं आणि मार्क द्यायचे. गादी महागातली की स्वस्तातली, हे कळू नये म्हणून लेबलांवर खाकी कागद चिकटवलेला असायचा. गाद्यांची नावं फक्त 'नमुना अ' आणि 'नमुना ब'.

"माणूस झोपायचा पगार घेतो!" असं शेजारीपाजारी म्हणायचे. म्हणू देत बापडे! त्या झोपेमागची शिस्त त्यांना काय कळणार? कारखान्यात एक कडक नियम होता. ज्याने लेबलं झाकली, ज्याला खरं काय ते ठाऊक आहे, त्याने तपासणी संपेपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही! बोललात, की खोलीच्या बाहेर. एकदा एक कामगार नुसता खाकरला, तर तपासरावांनी अख्खी चाचणी रद्द केली होती. म्हणे, खाकरण्यात पक्षपात होता!

हीच शिस्त घरात आली आणि घराचा कारखाना झाला. छत्री घेतली तर ती आधी न्हाणीघरात शॉवरखाली उघडी राहायची. खुर्ची घ्यायची तर दुकानातल्या सगळ्या खुर्च्यांवर तपासराव डोळे मिटून बसायचे. दुकानदाराला वाटायचं, गृहस्थांना चक्कर आली!

अशा माणसाच्या बायकोने, अशा माणसाला न विचारता, लॅपटॉप आणला! तोही स्वस्तातला! आणि तोही भावाला बरोबर नेऊन!

भाऊ दातांचा डॉक्टर. दवाखान्यात रिसेप्शनवरच्या मुलीकडे तसाच लॅपटॉप होता आणि ती कधी तक्रार करत नव्हती, एवढ्या संशोधनावर त्याने तो बहिणीला सुचवला होता.

"मला विचारलं असतंस तर?" तपासरावांनी छातीवर हात ठेवून विचारलं.

"विचारलं असतं तर अजून दुकानातच असतो," बायको म्हणाली.

खरं कारण वेगळं होतं आणि ते दोघांनाही माहीत होतं. बायको लोकरीचं विणकाम फार सुंदर करायची आणि आता ते घरबसल्या ऑनलाइन शिकवणार होती. पहिला वर्ग दोनदा ठरला आणि दोन्ही वेळा मोडला. कारण दोन्ही वेळा ऐनवेळी तपासरावांना त्यांचा लॅपटॉप हवा होता. एकदा तर मीटिंग होती 'उशीला कोपरे किती असावेत' या विषयावर! शिकणाऱ्या बायकांना तिने "माफ करा" म्हणून कळवलं, सुया-लोकर पिशवीत भरली आणि काहीच बोलली नाही. त्या न बोलण्याचा त्रास तपासरावांना झाला होता, पण मान्य कोण करणार? मग तिने स्वतःच्या पैशांनी स्वतःचा लॅपटॉप आणला. आज चार वाजता तिचा पहिला वर्ग होता.

आणि आजच दुकानात लॅपटॉप परत करायचा शेवटचा दिवस होता!

"चाचणी होणार!" तपासरावांनी सकाळीच जाहीर केलं. "एका बाजूला माझा हत्ती, दुसऱ्या बाजूला तुझं खेळणं! खेळणं नापास झालं तर आजच दुकानात परत. मग मी शोधून देतो चांगला. दोन-तीन महिन्यांत मिळेल."

"आणि पास झाला तर?" बायकोने विचारलं.

तपासराव प्रेमळपणे हसले. लहान मुलाने चंद्र मागितला की मोठी माणसं हसतात तसे.

हत्ती म्हणजे तपासरावांचा स्वतःचा लॅपटॉप. काही वर्षांपूर्वी तो घेताना त्यांनी दुकानदाराला रडकुंडीला आणलं होतं. तेव्हापासून तो त्यांच्या खोलीतल्या टेबलावर, वायर लावलेल्या अवस्थेत, एका जागी बसलेला होता. उचलायची वेळच आली नव्हती. हत्तीला कोणी उचलतं का?

"सगळं कारखान्यासारखं!" तपासरावांनी हुकूम सोडला. "दोन्हींवर खाकी कागद! वरून, खालून, पडद्याच्या कडेने! बटणांवर रबरी कव्हर! दोन्हींत नवं कोरं खातं उघडायचं, माझा फोटो नको, तुझी फुलं नकोत! 'अ' आणि 'ब' चिठ्ठ्या लाव. कुठली कुणाला, ते फक्त तुला ठाऊक. आणि एकदा का चाचणी सुरू झाली..."

"ठाऊक आहे. ब्र काढायचा नाही," बायको म्हणाली आणि दार लोटून आत गेली.

थोड्या वेळाने दिवाणखान्याच्या टेबलावर दोन खाकी पुडकी आली. प्रेक्षकांत तपासरावांची आई होती, मटार सोलत बसलेली. दातांचा डॉक्टर होता. त्याने लॅपटॉप सुचवलेला असल्यामुळे त्याला आरोपी म्हणून बोलावणं होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"मी संपूर्ण निष्पक्ष आहे!" असं म्हणून तपासरावांनी दोन्ही बटणं एकदम दाबली.

'अ' लगेच उघडला. आईने चष्मा शोधला, तो डोक्यावरच सापडला, तो पुसला, नाकावर चढवला, तरी 'ब'च्या पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत होतं!

"हा बिघडलाय का रे?" आईने विचारलं.

"बिघडलेला नाही आई, स्वस्तातला आहे!" तपासरावांनी डॉक्टरकडे बघत सांगितलं.

डॉक्टरने मान खाली घातली.

"अहो..." दारातून आवाज आला.

"अं हं! नियम!" तपासरावांनी बोट वर केलं.

मग त्यांनी दोघांवर सारखाच भार टाकला. एक व्हिडिओ, एक मोठा तक्ता, शंभर फोटो आणि त्यावर भाराभर खिडक्या. 'अ'ने मुकाट्याने सगळं उघडलं. 'ब'चा पंखा असा घरघरायला लागला की आईने सवयीने उठून गॅस बंद केला. तिला वाटलं, कुकर झाला!

"ऐका! ऐका त्याचं रडणं!" तपासराव खूश होऊन म्हणाले. "आणि हा 'अ' बघा. वजनाला काय हलका! याला म्हणतात कारागिरी. आणि 'ब' उचला. वजन बघा! आत भंगार भरलं की असंच होतं."

"मला 'अ'चा पडदा जरा फिका वाटतो," डॉक्टरने चाचरत सांगितलं.

"फिका नाही, शांत! डोळ्यांना त्रास नको म्हणून महागड्या वस्तूंचे पडदे शांत असतात. तुम्ही दात बघा, पडदे मी बघतो."

"बटणं दाबली की मधे दबतोही हो तो."

"लवचीक आहे! चांगली गादीसुद्धा दबते, मेहुणेबुवा!"

तात्पर्य, लेबलं झाकलेली होती, पण तपासरावांच्या मनात ती ठसठशीत छापलेली होती. 'अ' हत्ती, 'ब' खेळणं! आता 'अ'ने उठून स्वतःची पावती दाखवली असती, तरी तपासरावांनी तिच्यावर खाकी कागद चिकटवला असता.

मग वायरी काढल्या. 'ब'ने तात्काळ डोळे मिटले. काढलेली वायर हातात असतानाच त्याने मान टाकली!

"संपला!" तपासराव ओरडले. "नव्या वस्तूचा दम बघा! आई, हात लावून बघ, केवढा तापलाय."

आईने तो मांडीवर घेतला, गुडघ्यावर नीट सरकवला आणि म्हणाली, "हा नका देऊ परत. शेक छान बसतोय."

डॉक्टरचा चेहरा पडला. "ताई, माफ कर गं," तो बहिणीला म्हणाला. "त्या मुलीचं ऐकायला नको होतं. तिचा स्वभावच समाधानी आहे."

बायकोला भावाची दया आली. ती पुढे आली. "अरे, तसं नाहीये. अहो, ऐका ना, हा जो 'ब' आहे ना..."

"गप्प! एक शब्द नाही!" तपासराव उभेच राहिले. "अजून शेवटची परीक्षा बाकी आहे. आज चालतो ते ठीक, पण उद्या वाढवता येतो का? मेमरी वाढवायला जागा आहे का? हे बघायला वस्तू आतून बघावी लागते. स्क्रू ड्रायव्हर आणा!"

"उघडू नका!" बायको ओरडली. "अहो, त्यात तुमची..."

"बाहेर!" तपासरावांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. कारखान्यात दाखवायचे तसंच.

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तिला राग आला होता, आणि का कोण जाणे, हसूही येत होतं.

"बरं," ती म्हणाली. "तुमचा नियम. नंतर मला म्हणू नका."

आणि स्वयंपाकघराचं दार आतून लागलं.

स्क्रू ड्रायव्हर जाडा निघाला. डॉक्टरने पिशवीतून आपली बारीक हत्यारं काढली. तपासराव 'ब'ला उताणा करून खालच्या कागदाला जेमतेम स्क्रूंपुरती भोकं पाडू लागले. "कागद काढायचा नाही! लेबल दिसलं तर चाचणी बाद!" स्क्रू निघाले, पण झाकण काही निघेना.

"आता जबडा उघडा," डॉक्टर सवयीने म्हणाला आणि त्याने फटीत हत्यार घातलं. कट! कटकट! कट! तीन खाचा तुटल्या.

"स्वस्तातलं प्लास्टिक," तपासराव समाधानाने म्हणाले.

आणि झाकण उघडलं. आत धुळीचा थर होता. थर कसला, उशी होती! पंख्यात दोन पांढरे केस अडकले होते. आणि सगळ्या कोपऱ्यांत, फटीत, तारांखाली, भुगा होता. बिस्किटांचा भुगा!

तपासराव ताडकन उठले. "जुना माल! वापरलेला माल नवा म्हणून विकलाय! आणि हे बघा, हा खण रिकामा! इथे मेमरीची दुसरी पट्टी असते, ती सुद्धा काढून घेतली चोरांनी!"

डॉक्टरने चिमट्याने एक कण उचलून नाकाशी धरला. "नारळाचं बिस्किट. भाऊजी, तुम्ही पण हीच खाता ना?"

"नारळाची बिस्किटं सारं जग खातं!"

"आणि केस?" आईने वाकून बघितलं. "बाळ, तुझेही हल्ली..."

"आई, तू मटार सोल!"

तपासरावांनी फोन लावला. दुकानात फोन घेणारीला त्यांनी श्वासही घेऊ दिला नाही. "तुम्ही आम्हाला खरकटा लॅपटॉप विकलाय! हो, खरकटा! थांबा, मी येतोच घेऊन! चार माणसांसमोर वाचून दाखवतो तुमचं लेबल!"

पुरावा म्हणून त्यांनी आतली डिस्क उपसली आणि शर्टाच्या खिशात घातली. भुगा डबीत भरून तीही खिशात टाकली. उरलेला 'ब', झाकण, स्क्रू, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. डॉक्टरला साक्षीदार म्हणून स्कूटरवर मागे बसवलं. निघताना स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे बघून ओरडले, "काळजी करू नकोस! वर्ग पुढच्या महिन्यात घे! मी लढतोय तुझ्यासाठी!"

दाराआडून उत्तर आलं नाही. नियम म्हणजे नियम.

दुकानात बऱ्यापैकी गर्दी होती. तपासरावांना गर्दी हवीच होती. काउंटरमागे एक चष्मेवाली बाई शांतपणे उभी होती. तपासरावांनी पिशवी उलटी केली. स्क्रू घरंगळत गेले, ते गोळा करायला दोन गिऱ्हाइकं वाकली.

"मंडळी!" तपासराव म्हणाले. "हा यांचा नवा लॅपटॉप! मी पाच परीक्षा घेतल्या. पाचात नापास! मंद, तापट, वजनदार, एका क्षणात मान टाकणारा. आणि आतून खरकटा! मी आयुष्यात इतकी टाकाऊ वस्तू पाहिली नाही!"

"साहेब, आमचाच आहे ना पण?" बाईने विचारलं. "कागद काढा, नंबर बघते."

"मीच काढतो! सगळ्यांनी बघा!" तपासरावांनी खाकी कागदाचं टोक पकडलं आणि जादूगार रुमाल ओढतो तसा खर्रकन ओढला.

कागदाखाली एक पांढरी पट्टी होती. त्यावर ठळक, वळणदार, अतिशय ओळखीच्या अक्षरात लिहिलेलं होतं. स्क्रू उचलून वर आलेल्या एका आजोबांनी ते मोठ्याने वाचलं: "हा लॅपटॉप तपासरावांचा आहे. कृपया हात लावू नये."

"तपासराव कोण?" आजोबांनी विचारलं.

तपासरावांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"भाऊजी," डॉक्टर हळूच म्हणाला, "जबडा मिटा."

आता सगळा उलगडा झाला. हलका, शांत, लवचीक, कारागिरीचा उत्तम नमुना 'अ' म्हणजे बायकोचं खेळणं. आणि भंगार म्हणजे हत्ती! याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! तपासरावांना दारातली बायको आठवली. "अहो, ऐका ना," म्हणणारी. "त्यात तुमची..." म्हणणारी. काय म्हणत होती ती? त्यात तुमची...

तपासरावांच्या तोंडचं पाणी पळालं. मीटिंग! आज पाच वाजता कारखान्याच्या मालकांसमोर ऑनलाइन नव्या गादीचा अहवाल सादर करायचा होता. वर्षाचं काम! त्याची एकुलती एक प्रत हत्तीत होती आणि हत्तीचा मेंदू खिशात होता, नारळाच्या बिस्किटांच्या भुग्याच्या डबीला टेकून!

"बाई, वाचवा," ते एकदम बारीक आवाजात म्हणाले.

बाई भली होती. फोनवरची बोलणी तिने खाल्ली होती, तरी तिने डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली आणि अहवाल पेन ड्राइव्हवर काढून दिला. "लॅपटॉप जोडायला दोन-तीन दिवस लागतील," ती म्हणाली. "तसा वाईट नाही हो. डिस्क जुनी फिरती आहे, म्हणून मंद. ती बदलली, त्या रिकाम्या खणात मेमरी टाकली आणि साफ ठेवला, तर पुष्कळ सुधारेल."

तपासरावांनी नुसती मान हलवली. दोघे स्कूटरवरून घरी निघाले. मागे बसलेला डॉक्टर मधूनमधून थरथरत होता. स्कूटर खड्ड्यांतून चालली असावी, असं तपासरावांनी स्वतःला समजावलं.

घरी पोचले तेव्हा वर्ग रंगात आला होता. 'अ'च्या शांत पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत कितीतरी बायका सुया धरून बसल्या होत्या. बायको खुर्चीत ताठ बसून टाका कसा उचलायचा ते दाखवत होती. तिचा चेहरा इतका उजळलेला तपासरावांनी खूप दिवसांत पाहिला नव्हता. त्यांना एकदम लाज वाटली. हा लॅपटॉप आज परत गेला असता! आणि नेणारे ते स्वतः असते, तिच्यासाठी लढत!

ते दारातूनच कुजबुजले. "अगं, ऐक ना..."

बायकोने पडद्यावरची नजर न काढता बोट ओठांवर ठेवलं.

"पाच वाजता मीटिंग आहे गं, मला तुझा..."

बोट स्वयंपाकघराकडे वळलं.

कोपऱ्यात मटार सोलून झालेली आई खदखदून हसली. तपासराव मात्र गेले नाहीत. पेन ड्राइव्ह हातात घेऊन, दुकानातल्या त्या पांढऱ्या पट्टीसारखे, दारातच चिकटून उभे राहिले. अखेर बायकोनेच माइक बंद केला.

"पाचला वर्ग संपला की मिळेल," ती म्हणाली. "पण आता लोकरीचा गुंडा करायचा धडा आहे. लड धरायला कोणीतरी हवं. दोन्ही हात वर करून, न हलता बसायचं."

"कॅमेऱ्यासमोर?"

"आणि न बोलता."

तपासराव मुकाट्याने स्टुलावर बसले आणि बायकोने माइक पुन्हा सुरू केला. दोन्ही हात पुढे, त्यांवर गुलाबी लोकरीची भलीमोठी लड. नाकावर माशी बसली, हलले नाहीत. बायको धागा ओढत राहिली, गुंडा फुगत राहिला. मग एका चौकोनातल्या काकूंनी पडद्याजवळ येऊन विचारलं, "बाई, हे कोण हो?"

बायकोने धागा थांबवला. नवऱ्याकडे नीट, वरून खालपर्यंत पाहिलं. त्या पाहण्यात माया होती, ते तपासरावांना कळलं. पण बोलायची सोय नव्हती.

"हे होय? हे 'ब'," ती म्हणाली. "जरा मंद आहेत, लवकर तापतात. पण आत एक खण रिकामा आहे, सुधारायला वाव आहे."